केरॅटोकोनससाठी कॉर्निया बदलल्यानंतर: टाके, रिजेक्शन, दाब आणि उशिरा उद्भवणारे त्रास

पारदर्शी

कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) बदलल्यावर काहीही बिनसलं की "ग्राफ्ट खराब झाला", म्हणजे दात्याचा बसवलेला तुकडा खराब झाला, असं म्हटलं जातं. टाका सैल झाला तरी तेच, डोळ्यातला दाब वाढला तरी तेच, रिजेक्शन आलं तरी तेच. या तीन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत आणि घाई किती करायची तेही वेगळं. केरॅटोकोनस म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार. त्यासाठी झालेल्या प्रत्यारोपणापुरता हा धागा ठेवू या, कारण या रुग्णांत काही त्रास जास्त दिसतात आणि काही फार कमी.

आधी पाया. शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारची. पीकेमध्ये कॉर्नियाचा मधला, साधारण ७.५ ते ८.५ मिमी व्यासाचा तुकडा पूर्ण जाडीने काढतात आणि तिथे दात्याचा तुकडा शिवतात. डाल्कमध्ये फक्त पुढचे थर बदलतात. रुग्णाचा स्वतःचा डेसेमेट पापुद्रा आणि त्यामागचं एन्डोथेलियम जागेवरच राहतं. एन्डोथेलियम हा पेशींचा एकेरी थर. कॉर्नियात झिरपणारं पाणी तो सतत बाहेर उपसत असतो, म्हणून कॉर्निया काचेसारखा राहतो. माणसात या पेशी गेल्या की भरून येत नाहीत. प्रौढ डोळ्यात त्या दर चौरस मिमीला २५०० च्या आसपास असतात. ५०० च्या आसपास उतरल्या की उपसा पुरत नाही, कॉर्निया फुगतो आणि धूसर होतो.

रिजेक्शन म्हणजे प्रतिकारशक्तीने दात्याच्या पेशींवर केलेला हल्ला. फेल्युअर म्हणजे ग्राफ्टची पारदर्शकता कायमची जाणं. पहिलं वेळेवर आवरलं तर दुसरं टळतं. आणि रिजेक्शन न येताही फेल्युअर होऊ शकतं, पेशी वर्षानुवर्षं गळत गेल्या की.

केरॅटोकोनसच्या कॉर्नियात सहसा रक्तवाहिन्या शिरलेल्या नसतात, त्यामुळे इतर आजारांच्या मानाने इथले निकाल चांगले असतात. पीके झालेल्यांत १० वर्षांनी दहातले जवळपास नऊ ग्राफ्ट स्वच्छ असतात. पण विशी-तिशीतल्या माणसाला हा ग्राफ्ट ४०-५० वर्षं पुरवायचा असतो. म्हणून इथे प्रत्येक निर्णय पेशी वाचवण्याच्या हिशोबाने घ्यायला हवा. एक रिजेक्शन "औषधाने बरं झालं" तरी त्यात गेलेल्या पेशी गेल्याच.

उत्सुक

उत्तम सुरुवात. डाल्क झालं असेल तर रिजेक्शनची भीतीच नाही, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं का?

स्लिटलॅम्प

अर्धं खरं. एन्डोथेलियम स्वतःचंच असल्यामुळे डाल्कमध्ये एन्डोथेलियल रिजेक्शन होत नाही, आणि ग्राफ्ट घालवणारं मुख्य रिजेक्शन तेच. पण वरच्या थरांचं होऊ शकतं.

थरांप्रमाणे चित्र वेगळं दिसतं. एपिथेलियमच्या (सगळ्यात वरच्या थराच्या) रिजेक्शनमध्ये ग्राफ्टच्या पृष्ठभागावर एक उंचावलेली, वाकडीतिकडी रेघ दिसते. ती फ्लुरेसिन या तपासणीच्या रंगाने रंगते आणि काही दिवसांत कडेपासून आत सरकत जाते. दात्याच्या पेशी जातात, त्यांची जागा रुग्णाच्या पेशी घेतात. एवढ्याने नजर फारशी बिघडत नाही, पण प्रतिकारशक्ती जागी झाल्याची ती खूण असते. त्याखालच्या थरात ठिपके येतात: बारीक, पांढुरके, फक्त ग्राफ्टच्या हद्दीत. रुग्णाला कित्येकदा काहीच जाणवत नाही, तपासणीतच सापडतात. स्ट्रोमाच्या (मधल्या जाड थराच्या) रिजेक्शनमध्ये ग्राफ्ट जाड आणि गढूळ होतो, कडेकडून रक्तवाहिन्या आत येतात. डाल्कमध्ये त्या दोन थरांच्या सांध्यातून शिरतात.

पीकेमधलं एन्डोथेलियल रिजेक्शन स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. ग्राफ्टच्या मागच्या बाजूला पांढऱ्या पेशींचे कण एका रेषेत चिकटलेले असतात. तिला खोडादूस्त रेषा म्हणतात. ती बहुधा कडेच्या एखाद्या रक्तवाहिनीपाशी किंवा सैल टाक्यापाशी सुरू होते आणि मध्याकडे चालत जाते. रेषेच्या मागचा भाग सुजलेला, धुरकट. पुढचा अजून स्वच्छ. म्हणजे किती पेशी गेल्या आणि किती वाचवता येतील याची सीमारेषाच समोर आखलेली असते. कधी रेषा नसते, कण सगळीकडे विखुरलेले असतात. कण फक्त दात्याच्या भागावर असतील तर रिजेक्शन. रुग्णाच्या स्वतःच्या कडेवरही पसरलेले असतील तर हर्पिस किंवा साध्या युव्हायटिसचाही (डोळ्याच्या आतल्या दाहाचाही) विचार करावा लागतो.

उपचार: स्टिरॉइडचे थेंब, १% प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट किंवा ०.१% डेक्सामेथासोन, जागेपणी दर तासाला, तीव्र असेल तर पहिले एक-दोन दिवस रात्रीही. काही सर्जन सोबत ५०० मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात. सूज उतरायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तोवर थेंब घाईने कमी करायचे नसतात. किती दिवसांत उपचार सुरू झाले यावरच सगळं आहे. आठवडाभर वाट पाहिलेला ग्राफ्ट आणि त्याच दिवशी दाखवलेला ग्राफ्ट यांचं भवितव्य एक नसतं.

पारदर्शी

रुग्णाने लक्षात ठेवायच्या खुणा चार: लाली, उजेड न सोसणं, नजर धूसर होणं, दुखणं. चारही एकदम येतील अशी वाट पाहू नये. दुखणं तर कित्येकदा नसतंच. यातली एक जरी नव्याने आली तरी त्याच दिवशी दाखवायचं, शस्त्रक्रियेला दोन महिने झाले असोत की पंधरा वर्षं. पहिल्या दोन वर्षांत धोका जास्त, पण नंतर तो शून्यावर येत नाही.

घरी रोज एक काम करावं. दुसरा डोळा तळहाताने झाकून, ठरलेल्या उजेडात, ठरलेल्या अंतरावरून एकच मजकूर वाचायचा. कॅलेंडरवरचे आकडे चालतात. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा सगळं भागवून नेतो आणि बिघाड पंधरा दिवस लक्षातच येत नाही.

वक्रता

टाक्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण पहिल्या दीड वर्षातल्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

टाके १०-० नायलॉनचे असतात, केसापेक्षा बारीक. एक तर १६ सुटे टाके घालतात, नाहीतर एकच सलग धावता टाका, किंवा दोन्ही मिळून. सुट्या टाक्यांचा फायदा असा की एखादा सैल झाला किंवा जास्त आवळला गेला तर तेवढाच काढता येतो. धावता टाका सगळीकडे सारखा ताण देतो, पण एका जागी तुटला की सगळाच ढिला पडतो. कॉर्नियात आधीच रक्तवाहिन्या असतील किंवा अ‍ॅलर्जीचा डोळा असेल तर सुटेच बरे.

शस्त्रक्रियेच्या वेळी कॉर्निया थोडा सुजलेला असतो. सूज उतरली की त्यावर आवळलेला टाका आपोआप सैल होतो. नंतर जखम भरताना ऊती आक्रसतात, त्यानेही होतो. रक्तवाहिनी जिथे पोचते तिथे जखम आधी भरते आणि तिथला टाका आधी सुटतो. सैल टाका काहीच धरून ठेवत नसतो, उलट नुकसान करतो: त्याला चिकट स्राव लटकतो, त्यावर जंतू वाढतात, त्याच्या दिशेने रक्तवाहिनी येते आणि तिच्या वाटेने रिजेक्शन. म्हणून नियम साधा आहे: सैल किंवा तुटलेला सुटा टाका ज्या दिवशी दिसला त्या दिवशी काढायचा. पहिल्या काही आठवड्यांतच सैल झाला असेल तर तो काढून बहुधा नवा घालावा लागतो, कारण जखम अजून कच्ची असते. अशा वेळी फ्लुरेसिन लावून जखमेतून पाणी झिरपतंय का तेही पाहतात. झिरपत असेल तर हिरव्या रंगातून एक गडद ओघळ वाहताना दिसतो.

काढण्याची रीत: बधिर करणारा थेंब, मग ५% पोव्हिडोन आयोडीन, दोन-तीन मिनिटं थांबणं, २६ किंवा ३० गेजच्या सुईच्या टोकाने टाका कापणं, चिमट्याने एका झटक्यात ओढणं. ओढायची दिशा अशी हवी की गाठ जखमेच्या सांध्यातून जाणार नाही. गाठ सांध्यातून ओढली तर जखम उसवू शकते, आणि पृष्ठभागावरचे जंतू आत जातात. नंतर सुमारे आठवडाभर अँटिबायोटिक थेंब, आणि स्टिरॉइड काही दिवस वाढवून, कारण टाका काढणं हेही रिजेक्शनला निमित्त ठरू शकतं. ही वाढ सांगायला दवाखान्यात विसरले असतील तर रुग्णाने आठवण करून द्यावी.

आता चष्म्याचा नंबर. टाका ज्या दिशेत आवळलेला असतो त्या दिशेत कॉर्निया जास्त वक्र होतो. टोपोग्राफीत, म्हणजे वक्रतेच्या रंगीत नकाशात, तो अक्ष लाल दिसतो. सुटे टाके असतील तर तीन-चार महिन्यांनंतर त्या अक्षावरचे एक-दोन टाके काढायचे, चार ते सहा आठवडे थांबायचं, पुन्हा टोपोग्राफी. एकदम चार काढले तर अक्ष भलतीकडेच फिरतो आणि मागे जाता येत नाही. सगळे टाके साधारण १२ ते १८ महिन्यांत निघतात. शेवटचा निघाल्यावर नंबर पुन्हा बदलतो, म्हणून महागडा कायमचा चष्मा त्यानंतर दोन-तीन महिन्यांनीच.

उत्तम शस्त्रक्रियेनंतरही ४-५ डायॉप्टरचा सिलिंडर (असमान वक्रतेमुळे येणारा नंबर) राहणं नेहमीचं आहे. त्याला कुणाचा दोष समजू नये. त्याहून जास्त किंवा वेडावाकडा असेल तर आरजीपी (कडक कॉन्टॅक्ट लेन्स) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स लागते. स्क्लेरल लेन्स ग्राफ्टला न टेकता वरून कमानीसारखी बसते, पण ऑक्सिजन कमी पोचतो. पेशी आधीच कमी असतील तर लेन्स काढल्यावर धुकं, दिव्याभोवती वलय असं दिसतं. अशांना जास्त ऑक्सिजन जाऊ देणारं मटेरियल, लेन्सखालची जागा शक्य तेवढी कमी, आणि वापराचे तास मोजून. लेन्सनेही जमत नसेल तर ग्राफ्टमध्ये ताण सोडवणारे छेद हा पुढचा उपाय, पण सगळे टाके निघून नंबर स्थिरावल्यावर.

उत्सुक

वक्रता, टाका तुटला की डोळ्यात खुपतं ना? म्हणजे आपोआप कळेल.

स्लिटलॅम्प

मी सांगतो. कळेलच असं नाही. ग्राफ्टच्या कडेने सगळ्या नसा कापलेल्या असतात, संवेदना परत यायला वर्षं लागतात आणि पूर्ण येतेच असं नाही. तुटलेलं टोक ग्राफ्टच्या बाजूला असेल तर काही जाणवत नाही. पापणीला घासलं तर खुपतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा एकच कोपरा लालसर, सकाळी त्याच बाजूला स्रावाची तार, एवढीच खूण असू शकते. टाके पुष्कळ वर्षं तसेच ठेवले असतील तर नायलॉन हळूहळू विरतं आणि कधीतरी तुटतंच. म्हणून टाके आत असेपर्यंत "काही त्रास नाही" म्हणून तपासणी चुकवू नये.

टाक्यापाशी पांढरा ठिपका दिसला तर तो जंतुसंसर्ग धरूनच चालायचं. टाका काढून तपासणीला पाठवायचा. इथे स्टिरॉइड वाढवलं तर ग्राफ्ट जातो. लाली रिजेक्शनमध्येही असते आणि संसर्गातही, म्हणून घरातली जुनी बाटली काढून स्वतःच्या मनाने तासातासाला थेंब सुरू करणं धोक्याचं. स्टिरॉइडखाली एक फसवा संसर्गही होतो: ग्राफ्टमध्ये पांढऱ्या सुया, फांद्या पसरल्यासारखं दिसतं आणि डोळा मात्र जवळजवळ शांत. लाली नाही म्हणून गाफील राहू नये.

थेंबथेंब

थेंबांविषयी, कारण चूक बहुतेक वेळा इथे होते आणि खापर ग्राफ्टवर फुटतं.

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट हे विरघळलेलं औषध नाही, पाण्यात तरंगणारी भुकटी आहे. बाटली उभी राहिली की औषध तळाशी बसतं. न हलवता घातलं तर सुरुवातीचे थेंब पातळ आणि बाटली संपताना घट्ट. दर वेळी नीट हलवायची, दहा-पंधरा वेळा तरी. फ्लुरोमेथोलोनचंही तसंच.

खालची पापणी ओढून खिशासारखी करायची, एकच थेंब, मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं. मलम शेवटी. टोक पापणीला लावायचं नाही. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहायची आणि महिन्याने टाकायची. तीन-चार औषधं दिवसातून अनेकदा असतील तर त्यांतल्या प्रिझर्व्हेटिव्हने पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. कृत्रिम अश्रू तरी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत.

उत्सुक

आणि स्टिरॉइड बंद कधी होतं?

पारदर्शी

डाल्कमध्ये बहुधा सहा महिने ते वर्षभरात. पीकेमध्ये सुरुवातीला दर दोन तासांनी ते दिवसातून सहा वेळा, मग महिन्या-दोन महिन्यांनी एकेक थेंब कमी करत वर्षाच्या शेवटी दिवसाला एकावर. त्यापुढे मतभेद आहेत. माझ्या मते दाब नीट असेल आणि डोळ्यात स्वतःची लेन्स नसेल, म्हणजे मोतीबिंदू आधीच निघालेला असेल, तर रोजचा एक थेंब चालू ठेवावा.

स्लिटलॅम्प

इथे मी सहमत नाही. केरॅटोकोनसचे बहुतेक रुग्ण तरुण, स्वतःची लेन्स असलेले, रक्तवाहिन्या नसलेले. त्यांना आयुष्यभर स्टिरॉइड देऊन मोतीबिंदू आणि काचबिंदू ओढवून घेण्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी सावकाश बंद करणं बरं. चालू ठेवायचंच तर फ्लुरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉलसारखं सौम्य. आधी रिजेक्शन येऊन गेलं असेल, दुसरा ग्राफ्ट असेल किंवा रक्तवाहिन्या असतील, तर मात्र पारदर्शी म्हणतात तेच योग्य. दोघांचंही एकमत असेल ते एवढ्यावर: अचानक बंद करायचं नाही.

पारदर्शी

हो, त्यावर दुमत नाहीच. साध्या रुग्णात तुमचा मुद्दा मान्य.

वक्रता

दाबाचं इथेच सांगून टाकतो. स्टिरॉइडने सुमारे एकतृतीयांश लोकांचा दाब कमीअधिक वाढतो, काहींचा खूपच. सुरू केल्यावर काही आठवड्यांत वाढायला लागतो आणि दुखत नाही. ग्राफ्टवर दाब मोजणं अवघड: पृष्ठभाग वाकडा असेल तर गोल्डमन या नेहमीच्या दाबमापकाचं वाचन चुकतं, म्हणून दोन काटकोनी अक्षांत मोजून सरासरी घेतात किंवा टोनोपेन हे पेनासारखं यंत्र वापरतात. जास्त दाबाने ऑप्टिक नर्व्हबरोबर ग्राफ्टच्या पेशीही मरतात. प्रत्येक भेटीत दाबाचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवावा.

उत्सुक

बाहुली मोठी होऊन तशीच राहते, असाही एक प्रकार वाचला होता.

स्लिटलॅम्प

उर्रेट्स-झवालिया सिंड्रोम. १९६३ मध्ये त्याचं वर्णन झालं, तेही केरॅटोकोनससाठी पीके झालेल्या डोळ्यांत. बाहुली विस्फारून अडकते, उजेडाने किंवा औषधाने आकुंचन पावत नाही. शस्त्रक्रियेच्या सुमारास दाब खूप चढून परितारिकेचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) रक्तपुरवठा तुटणं हे त्यामागचं मुख्य कारण मानतात. डाल्कनंतरही होतो: मागचा पापुद्रा सुटून दोन थरांत पाणी साचलं की तो चिकटवण्यासाठी डोळ्यात हवा किंवा गॅस सोडतात, आणि तो बुडबुडा बाहुली अडवून बसला तर दाब झपाट्याने वाढतो. म्हणून हवा सोडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्णाला पुन्हा तपासायलाच हवं. कपाळ ठणकणं, उलटी ही त्या रात्रीची धोक्याची खूण.

थेंबथेंब

अ‍ॅलर्जी राहिली. केरॅटोकोनसच्या अनेक रुग्णांना डोळे खाजवायची सवय असते आणि प्रत्यारोपणाने खाज जात नाही. चोळल्याने टाके सैल होतात, पृष्ठभाग भरत नाही. एक्झिमा किंवा दमा असलेल्यांत पहिल्या काही आठवड्यांतच डोळा भडकून टाके भराभर सुटण्याचा प्रकारही होतो. खाजेचं औषध शस्त्रक्रियेआधीच सुरू करून आटोक्यात आणलेलं असलं पाहिजे.

उत्सुक

वीस वर्षांनी नंबर पुन्हा वाढायला लागला तर ते रिजेक्शन का?

वक्रता

बहुधा नाही. लाली नाही, धुकं नाही, फक्त सिलिंडर दर वर्षी वाढतोय, आणि खालच्या बाजूला ग्राफ्टचा सांधा पातळ होतोय, असं चित्र असेल तर मूळ आजार पुढे सरकलाय. ग्राफ्टबाहेरची कड रुग्णाचीच असते, ती पातळ होत जाते आणि ग्राफ्ट तिरका होतो. सुरुवातीला स्क्लेरल लेन्सने भागतं. फारच पातळ झालं तर मोठ्या व्यासाचा ग्राफ्ट किंवा कडेला आधार देणारी शस्त्रक्रिया.

धूसरपणाची वेळही विचारात घ्या. सकाळी उठल्यावर जास्त आणि दुपारपर्यंत निवळत असेल तर एन्डोथेलियम थकतंय. रात्री डोळा मिटलेला असल्याने बाष्पीभवन होत नाही आणि पाणी साठतं. संध्याकाळी वाढत असेल तर बहुतेक कोरडेपणा. पहिल्या प्रकारात जाडी मोजून घ्या: दर वेळी ५४० मायक्रॉनच्या आसपास असलेला ग्राफ्ट ६०० वर गेला तर नजर बरी असली तरी ती आगाऊ सूचना आहे.

पारदर्शी

आणि पेशी संपून ग्राफ्ट फेल झालाच तर पुन्हा पूर्ण पीके करावीच लागते असं नाही. आधी वक्रता चांगली होती, चष्म्याने किंवा लेन्सने नीट दिसत होतं, तर जुन्या ग्राफ्टच्या मागे फक्त नवीन एन्डोथेलियमचा थर बसवता येतो. नव्याने टाक्यांचा गोल नाही, जखम लहान, नंबर फारसा हलत नाही. वक्रता आधीच वाईट असेल तर मात्र पूर्ण ग्राफ्ट बदलणं बरं. दुसऱ्या ग्राफ्टला रिजेक्शनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, हे धरूनच औषधं आखायची.

स्लिटलॅम्प

एक राहिलं. पीकेची जखम मूळ कॉर्नियाइतकी मजबूत कधीच होत नाही. दहा-वीस वर्षांनीही चेंडू, कोपर, दाराची कड लागली तर ती सांध्यावरच उसवते. डाल्कमध्ये मागचा पापुद्रा अखंड असल्याने नुकसान कमी होतं, पण होतं. खेळताना, यंत्रावर काम करताना, लहान मूल कडेवर असताना पॉलिकार्बोनेटचा चष्मा. मार लागून अचानक दिसेनासं झालं किंवा गरम पाणी वाहिल्यासारखं वाटलं तर डोळा दाबायचा नाही, पाण्याने धुवायचा नाही, थेंबही घालायचे नाहीत. डोळ्याला न टेकणारं कडक कवच, नाहीतर कागदी पेल्याचा तळ वरून चिकटवायचा, काही खायचं-प्यायचं नाही कारण भूल द्यावी लागेल, आणि सरळ हॉस्पिटल.

उत्सुक

रात्री फोन करायची वेळ आली तर नेमकं काय सांगायचं?

पारदर्शी

पीके की डाल्क, कोणता डोळा, शस्त्रक्रियेचा महिना आणि वर्ष, टाके अजून आहेत का, सध्या कोणते थेंब किती वेळा, शेवटचा दाब किती होता, आणि त्रास किती वाजल्यापासून. "शेवटचा थेंब कमी केला ती तारीख" हेही सांगा. कित्येकदा रिजेक्शन त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांतच येतं आणि ऐकणाऱ्याला लगेच अंदाज येतो.